शब्द एक, धनी अनेक

'ब्लॅक' हा शब्द ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणार नाही. इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेल्या आजीलाही तो ठाऊक असतो. सिनेमाचे तिकीट ब्लॅकने घ्यावे लागे. रेशनचे रॉकेल ब्लॅकमध्ये जाई. खोली घ्यायला गेले की अर्धी रक्कम ब्लॅकमध्ये मागितली जाते. या तिन्ही ठिकाणी रंगाचा काही संबंध नाही. तिकीट गुलाबी असो की पिवळे, ते चढ्या भावाने विकले की 'ब्लॅक' झाले! म्हणजे चोरीचे, लपूनछपून केलेले, कायद्याबाहेरचे, एवढा एकच अर्थ आपल्यापर्यंत येऊन पोहोचला.

पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत या साध्या शब्दाला किती अर्थ लाभले आणि ते कोणी लावले, हे पाहिले तर मोठी शिकवण मिळते. ज्याच्या हाती छापखाना, तो शब्दाचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. आणि ज्यांच्या अंगावर तो शब्द फेकला गेला ते जागे झाले, तर ते तोच शब्द हिसकावून घेऊन त्याचा अर्थ पालटू शकतात. आज आम्ही या एका शब्दाचा हिशेब धम्मबांधवांसमोर मांडत आहोत.

प्रथम बाजाराचा अर्थ घेऊ. इंग्लंडमध्ये जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झाले. युद्ध १९४५ साली संपले, पण रेशनिंग पुढे चालूच राहिले आणि मांसावरचे शेवटचे नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजी उठले. या चौदा वर्षांत 'ब्लॅक मार्केट' हा शब्द तिथल्या वर्तमानपत्रांत वारंवार येत असे. आपल्याकडेही तेव्हा रेशन आले, टंचाई आली आणि 'काळा बाजार' हा शब्द मराठीत कायमचा रुळला. साठेबाजी करणारे गोदामवाले कोण होते ते आपण जाणतोच. रांगेत पिशवी घेऊन उभा राहणारा गरीब मात्र त्या शब्दाचा मार खात राहिला.

त्याच काळात अमेरिकेत 'ब्लॅकलिस्ट' हा शब्द गाजला. १९४७ साली हॉलिवूडच्या दहा लेखक-दिग्दर्शकांनी, तुम्ही कम्युनिस्ट आहात काय, या सरकारी समितीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारले. त्यांना चित्रपटसृष्टीची दारे बंद झाली. 'काळी यादी' म्हणजे उपासमारीची यादी. थोर गायक व नट पॉल रोबसन यांनाही या वावटळीने गाठले. त्यांचा पासपोर्ट १९५० साली रद्द झाला आणि १९५८ साली परत मिळाला. रोबसन यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. 'ब्लॅक' शब्दाचा एक घाव त्यांना जन्मापासून होताच, हा दुसरा घाव सरकारने दिला.

आता तिसरा अर्थ पाहा. आम्ही पेशाने कारकून, खतावण्या आणि ताळेबंद यांच्यातच आमचा जन्म चालला आहे. हिशेबाच्या इंग्रजीत 'ब्लॅक' हा शब्द चांगला आहे! तोटा लाल शाईने लिहीत, शिल्लक काळ्या शाईने. म्हणून एखादी कंपनी 'ब्लॅकमध्ये आली' अशी बातमी आली, तर ती नफ्यात आली असे समजावे. एकाच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'ब्लॅक' म्हणजे गुन्हा, आणि व्यापाराच्या पानावर 'ब्लॅक' म्हणजे नफा!

याचा फायदा व्यापाऱ्यांनी कसा उठवला ते 'ब्लॅक फ्रायडे'मध्ये दिसते. हल्ली आपल्या मुलांच्या मोबाईलवरही या सेलच्या जाहिराती येतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी एक मोठा सण असतो. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फिया शहरात खरेदीसाठी इतकी झुंबड उडे की, वाहतूक सांभाळणारे पोलीस वैतागून त्या शुक्रवाराला 'काळा शुक्रवार' म्हणू लागले. १९६० च्या आसपास दुकानदारांना हे नाव मुळीच आवडले नव्हते. पुढे मात्र त्यांनीच खुलासा पसरवला की, या दिवशी दुकानाचा हिशेब लाल शाईतून काळ्या शाईत येतो म्हणून हा ब्लॅक फ्रायडे! पोलिसांची शिवी व्यापाऱ्यांची जाहिरात झाली. नाव तेच राहिले, फक्त धनी बदलला.

दिवसांना 'काळा' म्हणण्याची ही रीत नीट तपासण्यासारखी आहे. १७ मे १९५४ रोजी सोमवार होता. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, गोऱ्या व काळ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनेविरुद्ध आहे. खटला चालवणारे वकील थर्गूड मार्शल हे पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. ज्यांच्या लेकरांना शाळेच्या दारातून परत पाठवले जाई, त्यांच्यासाठी तो मुक्तीचा दिवस होता. परंतु दक्षिणेकडील वर्णद्वेष्ट्यांनी त्याला नाव दिले 'ब्लॅक मंडे'. मिसिसिपीतील एका न्यायाधीशाने याच नावाची पुस्तिका लिहून विष पसरवले. पुढे १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. तोही सोमवार, त्यालाही 'ब्लॅक मंडे' नाव पडले. आज बहुतेक ठिकाणी हाच दुसरा सोमवार लक्षात आहे.

बुधवारचेही तसेच. इंग्लंडमध्ये 'ब्लॅक वेन्सडे' म्हणजे १६ सप्टेंबर १९९२. त्या दिवशी पौंडाची घसरण थांबेना म्हणून ब्रिटिश सरकारला युरोपातील चलनदर व्यवस्थेतून बाहेर पडावे लागले. दक्षिण आफ्रिकेत विचाराल तर काळा बुधवार म्हणजे १९ ऑक्टोबर १९७७. त्या दिवशी वर्णद्वेषी सरकारने 'द वर्ल्ड' आणि 'वीकएंड वर्ल्ड' ही कृष्णवर्णीय वाचकांची वर्तमानपत्रे बंद पाडली आणि संपादक पर्सी कोबोझा यांना तुरुंगात टाकले. एका देशाचा काळा बुधवार नोटांचा आणि दुसऱ्याचा काळा बुधवार वाणीचा! तेव्हा कोणत्याही दिवसाला कोणी काळा म्हटले की आपण विचारावे, कोणासाठी काळा?

कामगार बंधूंसाठी आणखी एक अर्थ सांगतो. ब्रिटनच्या कामगार चळवळीत एखादा माल 'ब्लॅक' करणे म्हणजे त्या मालाला हात न लावणे. संप असलेल्या कारखान्याचा माल गोदीतले कामगार उचलत नसत, चालक वाहत नसत. लंडनमधील ग्रन्विक या फोटो धुण्याच्या कारखान्यात ऑगस्ट १९७६ मध्ये संप झाला. संपकऱ्यांत बहुतांशी आशियाई स्त्रिया होत्या आणि पुढारी होत्या गुजरातेत जन्मलेल्या जयाबेन देसाई. कारखान्याचा सारा धंदा टपालावर चाले. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी त्यांची डाक हाताळण्यास नकार दिला, म्हणजेच ती 'ब्लॅक' केली. गोऱ्या कामगारांनी तपकिरी भगिनींसाठी वापरलेला हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. संप जुलै १९७८ मध्ये यशाविना संपला, तरी साडी नेसलेली ती लहानखुरी बाई इंग्लंडच्या कामगार इतिहासात कायमची उभी राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाला 'ब्लॅक' म्हटले की काय होते?

अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांना शतकाच्या पूर्वार्धात 'ब्लॅक' म्हणणे ही शिवीच होती. सभ्य शब्द होता 'निग्रो'. तोही वर्तमानपत्रे इंग्रजीच्या लहान लिपीत, म्हणजे लहान 'एन' वापरून छापत. इंग्रजीत देशाचे, धर्माचे, माणसांच्या समूहाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, वस्तूचे नाव लहान अक्षराने. म्हणजे हा समाज छापखान्यातदेखील वस्तूच होता! डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आदींनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले, तेव्हा कुठे मार्च १९३० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोठा 'एन' मान्य केला.

युद्धानंतर या समाजाने स्वतःची छापील पाने वाढवली. जॉन जॉन्सन या तरुणाने १९४२ साली आईचे घरातले फर्निचर गहाण ठेवून ५०० डॉलर कर्ज काढले आणि 'निग्रो डायजेस्ट' हे मासिक सुरू केले. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्याने दुसरे मासिक काढले. पत्नी युनिस यांनी नाव सुचवले 'एबनी'. एबनी म्हणजे आबनूस, ते काळेभोर, टणक, मौल्यवान लाकूड. ज्या रंगाची लाज वाटावी असे जगाने शिकवले, तोच रंग मुखपृष्ठावर मिरवला. त्यांच्याच 'जेट' या साप्ताहिकाने सप्टेंबर १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या, गोऱ्यांनी हालहाल करून मारलेल्या मुलाच्या प्रेताचे छायाचित्र छापले. माझ्या लेकराचे काय केले ते जगाने पाहावे, असा त्याच्या आईचा आग्रह होता. त्या एका चित्राने हजारो तरुण चळवळीत आले.

जून १९६६ मध्ये मिसिसिपीतील ग्रीनवूड गावी स्टोकली कार्मायकेल या तरुण पुढाऱ्याने 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दिली. लोकांनी ती उचलून धरली. दुसऱ्या दिवसापासून गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांना त्यात हिंसा दिसू लागली. घोषणा देणाऱ्यांचे म्हणणे होते की मते आमची, वस्ती आमची, तर निर्णयही आमचा हवा. खुद्द डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना हा शब्द पसंत नव्हता. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल अशी त्यांना भीती होती. या समाजात तेव्हा मोठा वाद झाला. निग्रो म्हणावे, आफ्रो-अमेरिकन म्हणावे की ब्लॅक? नोव्हेंबर १९६७ च्या 'एबनी'त लेरोन बेनेट यांनी याच प्रश्नावर लांबलचक लेख लिहिला. अखेर १९७० साली 'निग्रो डायजेस्ट'ने आपले नाव बदलून 'ब्लॅक वर्ल्ड' केले. अवघ्या चार वर्षांत शिवीचे बिरूद झाले!

मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी १९७१ साली ब्रिटनच्या दूरदर्शनवर हीच गोष्ट हसत हसत सांगितली. लहानपणी ते आईला विचारत की, देवदूताच्या नावाचा केक पांढरा आणि सैतानाच्या नावाचा केक चॉकलेटी, असे का? काळी मांजर अपशकुनी का? लोक पोट धरून हसले. परंतु आपल्या घरातील आई-बहिणींनी क्षणभर थांबून विचार करावा. 'मुलगी काळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असे आपणही म्हणतोच ना? त्या वाक्यातील 'पण' कोणाकडून आला?

दक्षिण आफ्रिकेत सरकार व वर्तमानपत्रे मूळ रहिवाशांना 'बांटू' आणि सर्व गोरेतरांना 'नॉन-व्हाइट' म्हणत. गोरे नसलेले, म्हणजे कोणीच नसलेले! स्टीव्ह बिको या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात टोपणनावाने सदर लिहून तरुणांना सांगितले की, स्वतःला नकारातून ओळखू नका, आम्ही 'ब्लॅक' आहोत असे म्हणा. त्यात आफ्रिकनांबरोबर पिळवणूक होणारे भारतीय व मिश्रवंशीयही होते. १९७६ साली एका खटल्यात साक्ष देताना न्यायाधीशांनी त्यांना विचारले की, तुम्ही तर तपकिरी दिसता, मग काळे का म्हणवता? बिकोंनी उत्तर दिले की, गोरे लोकही पांढऱ्यापेक्षा गुलाबीच जास्त दिसतात. विमानातील 'ब्लॅक बॉक्स' प्रत्यक्षात नारिंगी असतो, तशातलाच हा प्रकार. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत बिकोंचा अंत झाला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी वर सांगितलेला काळा बुधवार आला.

मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. देश पेटून उठला. त्या जूनमध्ये असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था व 'न्यूयॉर्क टाइम्स' यांनी माणसांसाठी 'ब्लॅक' लिहिताना 'बी' मोठा करण्याचे ठरवले. एका अक्षराची उंची वाढायला १९३० पासून पुन्हा नव्वद वर्षे गेली.

कोणी म्हणेल, देवनागरीत लहानमोठे अक्षर नसते, मग आपल्याला याचे काय? बंधूंनो, आपल्याकडची लहान लिपी क्रियापदात असते. 'पाटील आले' आणि 'रामा आला', मग तो रामा सत्तर वर्षांचा का असेना! अमेरिकेच्या दक्षिणेतही असेच होते. काळ्या स्त्रीला कोर्टात वा वर्तमानपत्रात 'मिस' किंवा 'मिसेस' लावत नसत. १९६३ साली अलाबामातील कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला वकिलाने नुसते 'मेरी' म्हणून हाक मारली. मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला शिक्षा झाली. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मानाने हाक मारली जाणे हा हक्क आहे, असा त्याचा साधा अर्थ.

या लढ्याशी आपले नाते जुने आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील या समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि डुबॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवले. नावाचा लढा तर बाबासाहेबांनी त्याआधीच दिला होता. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात 'हरिजन' शब्द घालण्याचे घाटत होते, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध करून सभात्याग केला. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांनाच विचारायचे नाही, ही कुठली रीत? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या नावात अमेरिकेतील ब्लॅक पँथरची आठवण होती. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी १५ ऑगस्टला पँथरने 'काळा स्वातंत्र्यदिन' पाळला आणि राजा ढाले यांचा त्याच नावाचा लेख 'साधना'त येताच वादळ उठले. दिवसाला काळे म्हणण्याचा अधिकार पूर्वी मोठ्यांकडेच होता. त्या वर्षी तो आपल्या पोरांनी हाती घेतला.

नावाचा वाद आपल्यात आजही मिटलेला नाही. कोणी दलित म्हणतो, कोणी आंबेडकरी, कोणी केवळ बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध दिला, तेव्हा आमचा कल बौद्ध या नावाकडे आहे. तरीही दुसरे नाव घेणाऱ्याशी आम्ही भांडत नाही. 'एबनी'च्या पानांवर त्यांनी वाद घातला आणि एकमेकांना सोडले नाही, तसेच आपणही करावे. नाव आपण ठरवावे, एवढेच महत्त्वाचे. आणि 'काळा' शब्दाची लाज तर आपण मुळीच बाळगू नये. जिच्यात कुणब्याचे धान्य पिकते तिला मराठी माणूस 'काळी आई' म्हणतो. मुले अक्षर गिरवतात तो फळा काळा आणि पाटीही काळी.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. रविवारी सकाळी घरातील वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. मुलांना जवळ बसवावे आणि कोणत्याही माणसांच्या समूहाला दिलेला शब्द दिसला की तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोणी दिला? त्याचा तोटा कोणाला आणि फायदा कोणाला? आणि ती माणसे स्वतःला काय म्हणवतात? तिसरे उत्तर बातमीत सापडले नाही, तर संपादकाला पोस्टकार्ड लिहावे किंवा मोबाईलवरून निरोप धाडावा. पत्र मुलीच्या हातून लिहवून घ्यावे.

लिहिण्याला आपल्या भाषेत 'पांढऱ्यावर काळे करणे' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या ते काम आपल्याला मना होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला आणि ती मनाई मोडली. आता ते काम आपल्या घरी रोज व्हावे.

जय भीम!